ब्रेक पॅडबरोबर डिस्कही बदलायलाच हवी का?

धरमपेठकर
नमस्कार. माझी सात वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक ४८,००० किलोमीटर चालली आहे. रोजचे जाणे-येणे वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत असते. गेल्या पंधरवड्यापासून ब्रेक हलका दाबला की पुढच्या डाव्या चाकातून किर्र असा बारीक आवाज येतो. पेडल हादरत नाही, गाडी एका बाजूला ओढतही नाही. गॅरेजमध्ये मात्र चाक न काढताच, ‘पन्नास हजार होत आले, पॅड आणि डिस्क दोन्ही टाकून घ्या’ असे सांगण्यात आले. किलोमीटरवरून असा निर्णय करता येतो का?

जुना टर्नर, हिंगणा रोड
किलोमीटरवरून अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही. सिताबर्डीच्या गर्दीत दिवसभर अडकणारी गाडी आणि समृद्धी महामार्गावर पाय न हलवता धावणारी गाडी यांचे पॅड सारखे झिजत नाहीत.

पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. नव्या पॅडवरचा घर्षण-थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. मागची लोखंडी पट्टी या मापात धरू नये. आपल्याला येणारा आवाज बहुधा पॅडला बसवलेल्या पत्र्याच्या जिभेचा असावा, कारण थर संपत आला की ती डिस्कला टेकून किरकिरावी, अशीच तिची रचना असते. तो आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा झाला तर मात्र गाडी पुढे चालवू नये. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर वेगळी. ती डिस्कवर रात्रीत चढलेल्या गंजाची असते आणि लगेच जाते.

डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. ती जाडी मायक्रोमीटरने, गोलाईवर चार-सहा ठिकाणी मोजून घ्यावी. इथे सरकत्या जबड्यांचा व्हर्नियर हमखास फसवतो, कारण पॅड जिथे पोहोचत नाही तिथे काठाला न झिजलेली कड उभी राहते, व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड असल्याचे माप देतात. आमच्या यंत्रशाळेतही नवी पोरे या कडेला फसत. माप किमान जाडीच्या खाली गेले असेल, डिस्कला तडा असेल किंवा नखाला अडकतील इतके खोल चरे असतील, तर डिस्क बदलावी, आणि ती दोन्ही बाजूंची बदलावी. नाहीतर फक्त पॅड बदलले तरी चालते.

घाटप्रवासी
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, एक भर घालतो. चिखलदऱ्याहून उतरताना माझ्या गाडीचे स्टिअरिंग ब्रेकवर थरथरू लागले, तेव्हा ‘डिस्क वाकली’ असे निदान झाले. मोजल्यावर डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त निघाली. चाकाचे नट एअर गनने वेडेवाकडे आवळल्यानेही डिस्क किंचित तिरकी बसते आणि हळूहळू तशी झिजते. आपल्याकडे हादरा नाही, म्हणजे हे कारण तूर्त बाजूला ठेवता येईल.

वर्धा रोडचा शेजारी
पॅड झिजले की टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी आपोआप खाली येते. म्हणून पॅड बदलण्याआधी ते भरू नका; नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) मागे ढकलला की ते उतू जाते आणि गाडीचा रंग खराब करते. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबून घ्या आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळा.

धरमपेठकर
सर्वांचे आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर चाके काढून मोजणी झाली. डिस्कवर किमान जाडी २० मिलिमीटर कोरलेली आहे. नवी २२ ची असते आणि माझी दोन्ही बाजूंना २१.२ भरली. पॅड मात्र डाव्या चाकात बाहेरचा ४ आणि आतला २ मिलिमीटर, असे विषम झिजलेले निघाले.

जुना टर्नर, हिंगणा रोड
मग कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत का, ते आधी पाहा. ते न पाहता नवे पॅड टाकले तर तेही असेच झिजतील.

धरमपेठकर
डावीकडची खालची पीन खरोखरच जाम होती आणि तिच्यावरचे रबर फाटलेले होते. पिना साफ करून, रबर बदलून आणि योग्य ते ग्रीस लावून पुढचे चारही पॅड बदलले. डिस्क आहे तीच ठेवली. जुने पॅड मी मागून घेतले. आतल्या पॅडवरची पत्र्याची जीभ टोकाला घासून आरशासारखी चकाकत होती.