पैसे भरून पुस्तक काढायचं, की फाइल तशीच ठेवायची?

अजिंक्यताऱ्याखालून
जानेवारी २०२६ मध्ये आमच्या साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन झालं. कथासंग्रहाची फाइल खिशात घेऊन शाहू स्टेडियमवरचे पुस्तकांचे गाळे चारही दिवस पालथे घातले. नकार पचतो हो. पण एक प्रकाशक म्हणाले, "कथा चांगल्या आहेत," आणि लगेच ४५ हजारांचा आकडा सांगितला. ३०० प्रती, त्यातल्या शंभर मी घरी न्यायच्या. उरलेल्या दोनशे कुठं विकणार, असं विचारलं तर साहेब चहा सांगायला उठले. पैसे लेखकाचे, गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर. याला प्रकाशन म्हणत नाहीत, छपाई म्हणतात. छापखाना मलाही ठाऊक आहे.

फर्मावाला, सांगली
मग या छापखान्यात, हिशेब दाखवतो. डेमी आकाराचं १६० पानी पुस्तक म्हणजे दहा फर्मे, एका फर्म्यात सोळा पानं. ३०० प्रतीच काढायच्या तर बाइंडिंगसकट प्रत नव्वदच्या खाली मला परवडत नाही. किंमत २५० ठेवली. विक्रेत्याचे ४० टक्के, शंभर गेले. तुमची १० टक्के रॉयल्टी, पंचवीस. राहिले पस्तीस. त्यात डीटीपी म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, वाहतूक. तेही सगळ्या प्रती खपल्या तर! नव्या कथाकाराच्या दोन वर्षांत ऐंशी गेल्या तर मी पेढे वाटतो.

अजिंक्यताऱ्याखालून
हिशेब मान्य. पण जोखीम घेतो तो प्रकाशक. ती लेखकाच्या गळ्यात मारायची आणि आतल्या पानावर नाव मात्र स्वतःचं, हे कसं?

फर्मावाला, सांगली
२०१९ च्या पुरात माझ्या खालच्या खोलीतल्या अकराशे प्रती भिजल्या. रद्दीवाल्यानंही हात लावला नाही. जोखमीचं मला नका सांगू.

कराडची कवयित्री
मी २५ हजार भरले आणि मला त्याची लाज वाटत नाही. २०० प्रती होत्या. शाळा, भिशी, हळदीकुंकू करत दीड वर्षात १४० विकल्या. माझी कविता लोकांच्या कपाटात आहे, तुमची अजून पेन ड्राइव्हमध्ये. तक्रार आहे ती संपादनाची. कुणी एक ओळ वाचली नाही. अर्पणपत्रिकेत सासूबाईंचं नाव चुकलंय, ते अजून ऐकते आहे.

अजिंक्यताऱ्याखालून
ताई, १४० तुम्ही विकल्या. प्रकाशकानं किती?

कराडची कवयित्री
नऊ.

निवृत्त ग्रंथपाल
भांडा, पण करार वाचून भांडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. म्हणून "सर्व हक्क कायमचे" असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, वेगळे दोन-तीन हजार मागणारेही भेटतात. आपल्याकडे तो क्रमांक सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. आणि पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. वेळ लागतो, पण खिशाला चाट बसत नाही. साताऱ्याच्या माणसानं तिकडं आधी अर्ज करायचा सोडून गाळे कशाला हिंडायचे?

अजिंक्यताऱ्याखालून
ती योजना माहीत होती, काका. कागदपत्रांचा कंटाळा केला, हे खरं. अर्ज करतो. पण ४५ हजारांबद्दलचं मत बदललेलं नाही. निदान असल्या पुस्तकावर "लेखकाच्या खर्चाने" असं छापा तरी.

फर्मावाला, सांगली
तसं छापलं तर लेखकच तोंड लपवतात, हा माझा अनुभव. असो. फाइल कुठल्या फॉण्टमध्ये आहे? युनिकोड असेल तर पाठवा, वाचतो. वाचायचे पैसे घेत नाही. जुन्या फॉण्टमध्ये असेल तर मात्र डीटीपीवाल्याचे वेगळे.