व्हेरिएबल व्होल्टेज की व्हेरिएबल वॅटेज? सिगरेट सोडायचीय, सल्ला हवा

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी,

मी कासारवडवलीला राहतो, नोकरी ऐरोलीला. कंपनी जानेवारीत दीड वर्षासाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला पाठवतेय. सिगरेट कॉलेजपासून आहे. हल्ली दहाचं पाकीट दिवसाला पुरत नाही. मुलगा चौथीत आहे, मिठी मारायला येतो आणि मध्येच मागे सरकतो. मला ते सहन होत नाही. तिकडे गेल्यावर सोडायचीच, हे पक्कं आहे.

तिथे माझा एक जुना सहकारी आहे. त्याने आधी सिगरेटवरून व्हेपवर (निकोटिनचं द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र) येऊन सिगरेट बंद केली आणि पुढे व्हेपही बंद केलं. त्याच्याकडे दोन यंत्रं पडून आहेत, त्यातलं हवं ते घे म्हणतो. एक पेनसारखं आहे, खाली फिरवायची चकती, ३.२ ते ४.८ व्होल्ट. दुसरं डबीसारखं, छोटा स्क्रीन, ५ ते ४० वॅट, आत सुटी १८६५० बॅटरी. सोबत दोन प्रकारच्या नव्या कॉइल (द्रव तापवणारी तार, सोबत ते शोषणारा कापूस) देतोय. एकीवर १.८ ओहम, १० ते १४ वॅट असं छापलंय, दुसरीवर ०.७ ओहम, १८ ते २३ वॅट.

मी कॉमर्सचा माणूस. व्होल्ट आणि वॅटमध्ये निवड कशी करायची तेच कळत नाही. तो म्हणतो, "चव लागेपर्यंत फिरव." पण कॉइल जळली तर त्यातून विषारी काहीतरी निघतं असंही वाचलंय. इथे भारतात बंदी आहे हे माहीत आहे, इथे काही विकत घ्यायचं नाहीये. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावं.

रबाळे भट्टीवाला

कासारवडवलीकर, डबीवालं घ्या. का ते सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी रबाळे एमआयडीसीत विजेच्या भट्ट्यांची कंट्रोल पॅनेल करतो. तार किंवा सळी तापवायची आणि ती नेमकी हवी तेवढीच तापवायची, एवढंच आमचं काम. तुमच्या हातातली कॉइल ही त्याचीच चिमुकली आवृत्ती आहे.

उष्णता वॅटवर ठरते. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. या एका सूत्रात तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर आहे.

पेनची चकती ४.६ व्होल्टवर आहे असं धरा. १.८ ओहमची कॉइल लावली तर २१.१६ भागिले १.८, म्हणजे पावणेबारा वॅट. छापलेल्या १० ते १४ मध्ये व्यवस्थित बसलं. आता ती कॉइल संपली, तुम्ही ०.७ ओहमची लावली आणि चकती तशीच राहिली. २१.१६ भागिले ०.७ म्हणजे ३० वॅट. कॉइल २३ पर्यंतची. पहिल्याच ओढीला कापूस करपणार. चकतीवरचा आकडा तोच, हात तोच, यंत्रही तेच, उष्णता मात्र अडीचपट.

डबीत तुम्ही १२ वॅट लावले की यंत्र आधी कॉइलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मोजतं आणि लागेल तेवढे व्होल्ट स्वतः देतं. १.८ ओहमला साधारण ४.६५ व्होल्ट, ०.७ ओहमला २.९. हिशोब त्याने केला, तुम्ही फक्त कॉइलवर छापलेला आकडा बघायचा. कॉमर्सच्या माणसाला, आणि खरं तर कोणालाही, हेच सोयीचं.

आमच्याकडेही हाच प्रश्न येतो. सिलिकॉन कार्बाइडच्या सळ्या वापरता वापरता म्हाताऱ्या होतात, त्यांचा रेझिस्टन्स वाढत जातो. ठरावीक व्होल्टवर ठेवल्या तर भट्टीची ताकद हळूहळू कमी होते, मग ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्ट वाढवावे लागतात. म्हणून जिथे परवडतं तिथे आम्ही पॉवर कंट्रोल लावतो. सळीचं वय काहीही असो, तिला ठरलेले किलोवॅट मिळतात. व्हेपची कॉइल एवढी बदलत नाही, पण एकाच पाकिटातल्या दोन कॉइलमध्येही थोडा फरक असतो.

आता पेनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. एका लिथियम आयन सेलचं व्होल्टेज पूर्ण चार्जला ४.२ असतं, बराच काळ ३.७ च्या आसपास राहतं आणि मग उतरतं. त्यातून ४.८ काढायचे तर आत व्होल्ट वाढवणारं सर्किट लागतं. काही स्वस्त पेनमध्ये ते नसतं. मग चकती ४.८ वर ठेवली तरी मिळतं बॅटरीत असेल तेवढंच, सकाळी कडक आणि संध्याकाळी फिकं.

जुन्या काही यंत्रांत दुसरा प्रकार होता. आत ६ व्होल्ट तयार करायचे आणि ते भराभर चालू-बंद करून सरासरी ४ व्होल्ट दाखवायचे. पण तार सरासरीवर तापत नाही. ६ व्होल्ट दोन तृतीयांश वेळ चालू असतील तर सरासरी ४ येते, उष्णतेच्या हिशोबाने मात्र ते ४.९ व्होल्ट असतात. म्हणजे दीडपट वॅट. लोक म्हणायचे, "माझ्या यंत्रावर चारला जळकट लागतं, त्याच्यावर नाही." खोटं कोणीच बोलत नव्हतं.

तुम्ही विषारी वाफेचं जे वाचलंय त्याची सुरुवात बहुधा इथली आहे. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं एक पत्र आलं. एकाच यंत्रावर ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्यं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. नंतर इतर संशोधकांनी हरकत घेतली की इतकी तापलेली वाफ जळकट लागते, माणूस ती ओढूच शकत नाही. मला दोन्हींतून घेण्यासारखं वाटतं ते असं: ५ व्होल्ट हा आकडा दुसऱ्या कॉइलवर नेऊ नका. १.८ ओहमवर ५ व्होल्ट म्हणजे जवळपास १४ वॅट, ०.७ वर ३५ च्या वर. आणि जळकट चव आली की तिथल्या तिथे थांबायचं, "जाऊ दे, कॉइल संपेपर्यंत चालवू" असं करायचं नाही. द्रव जास्त तापला की तो मोडतो आणि ही द्रव्यं तयार होतात, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

वॅटेजवाल्यातही एक उणीव आहे. वॅट म्हणजे तापमान नव्हे. माझ्या भट्टीत थर्मोकपल असतो, तो खरं तापमान सांगतो. इथे तसं काही नाही. टाकीत द्रव कमी असेल, कापूस कोरडा असेल, तर त्याच १२ वॅटला तार भलतीच तापते. निकेल, टायटॅनियम किंवा स्टीलच्या तारेचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, त्यावरून तापमान ओळखणारी यंत्रं आहेत. तुमच्या कॉइल साध्या कांथल तारेच्या असतील तर तो उपयोग नाही, कारण कांथलचा रेझिस्टन्स जवळजवळ हलतच नाही. शिवाय कॉइलच्या आट्यांत द्रव साचून संपर्क बिघडला तर यंत्र तो रेझिस्टन्सही कॉइलचाच समजतं. स्क्रीनवर १.८ ऐवजी २.२ दिसलं तर आधी कॉइल काढून आटे पुसा.

लेस्टरची सून

माहेर ठाणे, नौपाडा. इथे येऊन बरीच वर्षं झाली. इथले नियम सांगते.

निकोटिनची मर्यादा मिलीलीटरला २० मिलीग्रॅम. निकोटिन असलेली बाटली १० मिलीलीटरपर्यंतच, टाकी २ मिलीलीटरपर्यंत. हे नियम २०१६ पासून आहेत. एकदा वापरून फेकायची व्हेप १ जून २०२५ पासून इथे विकता येत नाहीत, त्यामुळे मित्राची भरायची यंत्रं घेताय ते योग्यच.

आणि एक करा. आल्यावर इथल्या मोफत स्टॉप स्मोकिंग सेवेत नाव घाला. तिथला माणूस दर आठवड्याला बोलतो. माझे मिस्टर त्यांच्यामुळेच टिकून राहिले, यंत्र कोणतं होतं ते त्यांना आज आठवतही नाही.

खारघरची औषधवाली

मी फार्मसिस्ट आहे. दादा, जानेवारीची वाट का बघताय?

काउंटरवर २ मिलीग्रॅमची निकोटिन गम मिळते. नुसती चघळत राहू नका. थोडी चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. त्याआधी आणि त्यादरम्यान चहा-कॉफी नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, मोफत.

व्हेपबद्दल माझं मत भट्टीवाल्या दादांएवढं उत्साही नाही, पण आकडे लपवणार नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोक सिगरेटपासून दूर होते, गम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. पण त्याच अभ्यासात व्हेपने सिगरेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते, गम-पॅचवाल्यांत असे ९ टक्के. तुमच्या मित्राने पुढे व्हेपही सोडलं, ते त्याचं विशेष आहे. तसं ठरवूनच सुरू करा.

परत येताना यंत्र तिकडेच ठेवून या. २०१९ च्या कायद्याने आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "माझ्यापुरतं एकच आहे" याला कायद्यात सूट नाही.

आणि एक विचारायचंय. सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळाने लागते? दिवसाच्या आकड्यापेक्षा मला ते कळायला हवं.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. इतकं कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

औषधवाल्या ताई, डोळे उघडले की लगेच. चहा नंतर. गम उद्याच आणतो.

भट्टीवाले साहेब, डबीच घेतो. आता सांगा, सुरुवात कोणत्या कॉइलने आणि किती वॅटवर? आणि सुट्या बॅटरीची भीती वाटते.

खारघरची औषधवाली

लगेच म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. याचा अर्थ सवय खोल आहे. फार कमी निकोटिनने सुरुवात केलीत तर दोन दिवसांत सिगरेटकडे परत जाल. हेल्पलाइनवर हे असंच सांगा. गमचा डोसही त्यावर ठरतो, ४ मिलीग्रॅमची लागू शकते, डॉक्टरांना विचारून घ्या.

रबाळे भट्टीवाला

१.८ ओहमने सुरुवात करा. सिगरेटसारखी ओढ तिच्यातच येते, आधी तोंडात आणि मग छातीत. ०.७ वाली जास्त वाफ देते, २० मिलीग्रॅमचं द्रव तिच्यात घातलंत तर घसा धरेल आणि चक्कर येईल. द्रव घेताना प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं असलेलं घ्या. ग्लिसरीन जास्त असेल तर ते घट्ट होतं, बारीक छिद्रांतून कापसात वेळेवर पोचत नाही आणि दोष वॅटना दिला जातो.

नव्या कॉइलच्या कापसावर आधी द्रवाचे दोन-चार थेंब सोडा, मग टाकी भरून दहा मिनिटं नुसतं ठेवा. १० वॅटवर सुरू करा. फिकं वाटलं तर अर्ध्या वॅटने वाढवा, मध्ये चार-पाच ओढी घ्या, घाई नको. १२ च्या आसपास बहुतेकांचं जमतं. १४ च्या वर जाऊ नका, स्क्रीन ४० पर्यंत जातो म्हणून कॉइल जात नाही.

बॅटरीला घाबरू नका, पण शिस्त पाळा. १८६५० म्हणजे १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब. तिचं अख्खं अंग हे ऋण टोक आहे, वरचं बटण तेवढं धन, आणि दोघांमध्ये एक प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण. वेष्टण फाटलेली बॅटरी मित्राने दिली तर घेऊ नका. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात कधीच नाही, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर. १२ वॅटला बॅटरीवर चारएक अँपिअर येतात, चांगल्या सेलला तो भार किरकोळ आहे.

ताईंनी व्हेपही सोडायचं म्हटलंय, त्यात माझ्या हिशोबाची एक भर. पुढे तुम्ही २० वरून १० मिलीग्रॅमवर याल. त्या दिवशी वाफ फिकी वाटेल, आणि हात आपोआप वॅट वाढवायला जाईल किंवा ०.७ ची कॉइल लावेल. वाफ वाढली की शरीरात निकोटिन जवळपास पूर्वीइतकंच जातं आणि आपल्याला वाटतं आपण निम्म्यावर आलो. म्हणून मिलीग्रॅम उतरवाल तेव्हा कॉइल आणि वॅट दोन्ही तेच ठेवा, आणि वहीत मिलीग्रॅमशेजारी वॅट आणि दिवसाला किती मिलीलीटर संपलं तेही लिहा. लेस्टरहून आकडे इथे टाकत राहा, मी बघत जाईन.