बीपीची गोळी आणि थुंकीची चाचणी

चहाबाज (धागालेखक)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. "डीएनए चाचणी न करता बीपीची गोळी देणारा डॉक्टर अंधारात बाण मारतो. जनुकांना न मानवणारी गोळी म्हणजे रोजचं विष." खाली थुंकीवरून होणाऱ्या या चाचणीचा दर आणि ज्येष्ठांना सवलत. त्या रात्री चार म्हाताऱ्यांनी गोळी घेतलीच नाही, त्यात माझे सासरे. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं १७८. म्हणून हा धागा.

जनुकांनी फरक पडतो, कबूल. पण बीपी हा एका जनुकाचा कारभार नाही. आजवर बीपीशी जोडलेल्या डीएनएतल्या हजाराहून जास्त जागा सापडल्यात आणि बहुतेकींचा वाटा मिलिमीटरभरही नाही. आपल्याकडचीच टॉपस्पिन ही औषधांची चाचणी घ्या: देशभरातली ३२ केंद्रं, १९८१ रुग्ण, अ‍ॅम्लोडिपिन, पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड या बीपीच्या औषधांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या. तिन्हींचा गुण सारखाच. सुमारे ७० टक्के लोक १४०/९० च्या खाली आले. थुंकी न तपासता!

पाटावरवंटा
छान. आता माझ्या आईचं ऐका. मेटोप्रोलोल (बीपी आणि नाडीचा वेग उतरवणारी गोळी) सुरू केलं आणि आठवड्यात ओट्याशी पोळी लाटता लाटता ती खाली बसली. पल्स ४४. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. डोस तोच ठेवला. महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि मी हट्टाने चाचणी करून घेतली. काही औषधं शरीरात मोडणारं सीवायपी२डी६ हे एन्झाइम जवळजवळ बंद. अशा माणसाच्या रक्तात मेटोप्रोलोल नेहमीच्या कितीतरी पट साचतं. युरोपीय लोकांत असे शंभरात पाच ते दहा निघतात, आपल्यात कमी. पण त्या कमीत माझी आई आहे. तुमची सरासरी तुम्हाला लखलाभ.

चहाबाज
आईंबद्दल वाईट वाटलं. पण ४४ पल्स बघून डोस कमी करायला जनुकं कशाला लागतात? मनगटाला बोट लावायला पैसे पडत नाहीत. ती चूक त्या डॉक्टरांची, चाचणी नसल्याची नव्हे.

पाटावरवंटा
म्हणजे आधी पडायचं, मग बोट लावायचं. वा!

थेम्सकाठचा
इकडे विलायतेत वेगळीच गंमत. इथल्या मार्गदर्शिकेत पहिली गोळी ठरवताना वय ५५ च्या आत की पुढे, आणि घराणं आफ्रिकन-कॅरिबियन आहे का, एवढंच बघतात (मधुमेह असेल तर निराळं). आपल्यासारख्यांचा वेगळा रकानाच नाही. मी ४९ चा, म्हणून रामिप्रिल मिळालं आणि तीन महिने कोरडा खोकला. बायकोने शेवटी हॉलमध्ये झोपायला पाठवलं. जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) म्हणे, हवेचा आहे. शेवटी कँडेसार्टन दिलं, खोकला गेला. कातडीच्या रंगावरून गोळी ठरवण्यापेक्षा थुंकी बरी, नाही का?

चहाबाज
खोकला कोणाला होईल हे सांगणारी भरवशाची चाचणी अजून नाही, थुंकीची सुद्धा. वंशाचा मुद्दा मात्र पटला. अमेरिकेने २००५ मध्ये बायडिल हे हृदयविकारावरचं औषध फक्त स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्यांसाठी मंजूर केलं, तेव्हाही हीच बोंब झाली होती. रंग म्हणजे जनुक नव्हे.

आजीचाबटवा
सगळे विदेशी गोळ्यांवरच भांडताय. सर्पगंधा आपली. आमच्या आजोबांचं बीपी वैद्यांनी मुळीच्या चूर्णावर आणलं, ना जनुक ना फिनुक.

औषधवाला
घ्या, आली सर्पगंधा. मुंबईच्या केईएमच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं. वर्षानुवर्षं लोकांनी खाल्लं. मग नाक चोंदणं, सुस्ती आणि मुख्य म्हणजे उदासी. आता क्वचित कोणी लिहितं.

आजीचाबटवा
ती उदासी काढलेल्या अर्काची. अख्ख्या मुळीत समतोल असतो.

औषधवाला
रेसर्पिन त्या मुळीतूनच आलं हो! मुळीत किती आहे हे चूर्णाच्या पुडीवर लिहिलेलं असतं का?

आजीचाबटवा
तुमच्या दुकानाचा धंदा बसेल म्हणून राग आहे.

औषधवाला
धंदा? अ‍ॅम्लोडिपिनच्या पट्टीवर? त्यापेक्षा खोकल्याच्या गोळ्या विकून जास्त मिळतं.

चहाबाज
अहो, सर्पगंधेचा वेगळा धागा काढा! आजोबा कोणत्या वर्षी गेले हेही तिथेच सांगा.

आजीचाबटवा
९१ व्या वर्षी. पडून.

पाटावरवंटा
मूळ मुद्द्यावर येते. चहाबाज, स्वीडनची २०२३ ची चाचणी वाचलीत का? २८० माणसं, प्रत्येकाला चार औषधं आलटून पालटून. ज्याला जे लागू पडतं ते दिलं, तर वरचं बीपी सरासरी ४.४ ने आणखी उतरू शकतं. म्हणजे माणसामाणसात फरक आहेच.

चहाबाज
वाचली. तो फरक त्यांनी गोळी देऊन आणि बीपी मोजून शोधला. थुंकीतून नाही.

पाटावरवंटा
आज नाही. उद्या निघेल.

चहाबाज
उद्या निघाली की उद्या पैसे भरू. बरं, तुमच्या आईच्या बाबतीत चाचणी उपयोगी पडली, मानतो. मेटोप्रोलोलपुरतं. सासऱ्यांची टेल्मिसार्टन त्या एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही, मग त्यांनी कशासाठी भरायचे?

पाटावरवंटा
एवढं मानायला इतके प्रतिसाद लागले. धन्य!

औषधवाला
एक राहिलंच. माझ्याकडे एक काका यायचे, मेटोप्रोलोलवर वर्षानुवर्षं ठीक. मग चक्कर सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी गजकर्णासाठी टर्बिनाफिन दिलं होतं, रोज एक, महिनाभर. ती गोळी तेच सीवायपी२डी६ अडवते. जनुक चाचणीत काका अगदी नॉर्मल दिसले असते. पाटावरवंटा, आईंना तेव्हा दुसरी काही गोळी चालू होती का?

पाटावरवंटा
डिप्रेशनची होती. पॅरॉक्सेटीन.

औषधवाला
तीही तेच एन्झाइम अडवते. पण आईंचं ते मुळातच बंद असेल, तर तिला अडवायला काही उरलंच नव्हतं. रिपोर्टवर नक्की काय लिहिलंय? थुंकीचा होता की गोळ्यांच्या यादीवरून काढलेला अंदाज?

पाटावरवंटा
फाइल दादाकडे आहे. रात्री विचारून सांगते.