मदत हवी आहे: एस२५ साधा घेऊ की अल्ट्रा?

नमस्कार मंडळी, देवबागला आमचा होमस्टे आहे आणि आमचे मिस्टर पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. नवा फोन त्यांच्यासाठीच. सॅमसंग गॅलॅक्सी एस२५ घ्यायचं नक्की आहे. साधा, प्लस की अल्ट्रा, इथेच गाडी अडलीय.

होडीवर एक हात सुकाणूवर, म्हणजे फोन एकाच हातात. त्यासाठी १६२ ग्रॅमचा साधा बरा, अल्ट्रा २१८ ग्रॅमचा. पण डॉल्फिनची पाठ वर येते ती क्षणभर, तीही लांब. साध्यात झूमचा कॅमेरा ३ पट, १० मेगापिक्सेल; अल्ट्रात ५ पटीचा ५० मेगापिक्सेल. पाहुणे हे फोटो हक्काने मागून घेतात, पुढचं बुकिंगही त्यावरच येतं, म्हणून मन अल्ट्राकडे ओढतंय. प्लस मला पटत नाही. स्क्रीन आणि बॅटरी मोठी, पण कॅमेरे साध्याचेच.

खरी काळजी खाऱ्या पाण्याची. तिन्ही आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहेत, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली. इथे तर पाणी उडून सुकलं की मिठाचा पांढरा थर बसतो, अगदी चार्जिंगच्या तोंडाशीसुद्धा.

मालवण, वेंगुर्ला, हर्णै, कुठेही होडीवर यातला फोन वापरणारं कुणी असेल तर कृपया सांगा: हलत्या होडीतून ५ पट झूमचे फोटो स्थिर येतात का? साध्याची ४००० एमएएच बॅटरी दिवसभर उन्हात टिकते का? आणि वॉटरप्रूफ पाऊचमधून फोटो धुरकट येतात का?