मदत हवी: ताण सुरू केला की चिपवरच्या आतड्याच्या पेशी सुटतात

जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये काम चालू आहे. चिप (पेशी वाढवायचा छोटा पारदर्शक तुकडा) सिल्गार्ड १८४ या सिलिकॉन रबराची, दोन चॅनेल म्हणजे बारीक वाटा, मध्ये सच्छिद्र पडदा, त्यावर पेशींचा थर. पेशी काको-२ (माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून वाढवलेल्या). मीडियमचा (पेशींच्या पोषक द्रवाचा) प्रवाह तासाला ३० मायक्रोलिटर, ताण (व्हॅक्यूमने पडदा ओढून सोडणं) १० टक्के, ०.१५ हर्ट्झ. ताण नसला की थर छान धरतो. ताण दिला की दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघतात. विलीसारख्या (आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांसारख्या) घड्याही येत नाहीत. पंप वरच्याच चॅनेलला आहे, खालचं बंद. ताण कमी करू का?

प्रतिसाद १
भाऊ, आकडे बरोबर आहेत, इतक्यात बदलू नका. आधी पेशी कुठून सुटतात ते बघा.

भिंतीलगत सुटत असतील तर तिथे पडदा जास्त ओढला जातोय. व्हॅक्यूमच्या आकड्यावर जाऊ नका, मायक्रोस्कोपखाली छिद्रं मोजा: सैल असताना २५० मायक्रॉनचं अंतर ताणल्यावर २७५ व्हायला हवं. सगळीकडून सुटत असतील तर पेशी चिकटण्यासाठी पडद्याला दिलेलं कोटिंग कच्चं आहे. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिल्यावर पृष्ठभाग पाणी धरतो, पण हळूहळू परत पाणी झटकायला लागतो, म्हणून कोटिंगचं प्रथिन कोलॅजन लगेच भरा. ताण पहिल्या दिवशी नकोच. थर सलग झाल्यावर २ टक्क्यांपासून वाढवत न्या.

प्रवाहाच्या दिशेने ओरखड्यासारखी रेघ दिसली तर बुडबुडा गेलाय. १ मिमी रुंद, १५० मायक्रॉन उंच चॅनेलमध्ये तुमच्या प्रवाहाचा शिअर (पेशींवर घासून जाणारं बल) जेमतेम ०.०२ डाइन प्रति चौरस सेंमी भरतो, त्याने पेशी उपटत नाहीत. बुडबुड्याची कड मात्र थर खरवडून नेते. फ्रीजमधलं गार मीडियम ३७ अंशांवर गेलं की विरघळलेली हवा बाहेर पडते. म्हणून मीडियम झाकण सैल करून रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवा, मगच सिरिंजमध्ये भरा. आणि आपल्याकडे एप्रिल-मेची हवा फार कोरडी. सिलिकॉनमधून वाफ निघून जाते, मीडियम खारट होतं. इनक्युबेटरचा पाण्याचा ट्रे रोज बघा.

प्रतिसाद २
घड्या न येण्याचं कारण खालचं बंद चॅनेल. काको-२ पेशी डीकेके-१ हे प्रथिन खालच्या बाजूला सोडतात आणि ते वाढीचा विंट संकेत दाबतं. खालून प्रवाह असला की ते वाहून जातं आणि घड्या उठतात. हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणजे प्रवाहाचा प्रत्येक परिणाम ‘बलाचा’ समजू नका, धुऊन नेणं हाही त्यात आहे. ताणाचं श्रेय ताणालाच द्यायचं तर तीन चिप सोबत चालवा: स्थिर, फक्त प्रवाह, प्रवाह अधिक ताण.

धागाकर्ता
खालच्यासाठी वेगळा पंप लागेल का?

प्रतिसाद २
नाही. दोन सिरिंजा बसणारा एकच पंप चालेल. सिरिंजा मात्र एकाच व्यासाच्या घ्या, नाहीतर प्रवाह वेगवेगळा पडतो आणि दाबाच्या फरकाने पडदा एका बाजूला फुगतो.