90,000 रुपये, यंत्रमागाचा माहितीपट आणि जुना 700डी: कॅमेरा बदलावा का?

धोटा

नमस्कार. मी इचलकरंजीचा आहे. माझे काका 38 वर्षे यंत्रमागावर जॉबर (माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर) म्हणून काम करत आहेत आणि पुढच्या दिवाळीला ते हे काम थांबवणार आहेत. त्यांचे हे शेवटचे वर्ष टिपून साधारण 40 मिनिटांचा माहितीपट करावा, असे मी ठरवले आहे. माझ्याकडे कॅननचा 700डी, त्याची 18-55 लेन्स, 50 मिमी एफ1.8 आणि एक जुना ट्रायपॉड एवढेच सामान आहे. साठवलेले 90,000 रुपये आहेत आणि त्यात पुढे भर पडण्याची शक्यता नाही.

गेल्या आठवड्यात कारखान्यात चाचणी म्हणून दोन तास चित्रण केले. माणसांचे चेहरे बरे आले, पण मागावरच्या कापडावर आणि उभ्या धाग्यांच्या ताण्यावर रंगीत पट्टे लाटांसारखे सरकताना दिसतात. शेडमध्ये खिडकीपाशी चित्र पांढरेफटक पडते आणि आतल्या बाजूला काळेकुट्ट होते.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. एक गृहस्थ वापरलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के कॅमेरा 75,000 रुपयांना द्यायला तयार आहेत. दुसरा पर्याय वापरलेल्या पॅनासोनिक जीएच5चा, तोही याच्या आसपास मिळतो. तिसरा सोनी झेडव्ही-ई10, जो नवा घेऊनही हाती काही रक्कम उरते. माझा कल पहिल्याकडे आहे. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

कानसेन

माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. कॅमेरा बदलू नका. मी गेली काही वर्षे माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करते, आणि चित्र थोडे कच्चे असूनही प्रेक्षक खिळून राहिलेले मी अनेकदा पाहिले आहेत. बोलणारा माणूस ऐकू येत नसताना मात्र कोणीही बसून राहत नाही. आपला विषय तर असा आहे की जिथे पन्नास माग एकाच वेळी चालू असतात, तिथे शेजारच्या माणसाशीही कानाला लागून बोलावे लागते. 700डीला माईक जोडण्याची सोय आहे, परंतु हेडफोनची नाही. म्हणजे काय मुद्रित झाले हे आपल्याला घरी गेल्यावर कळणार, आणि त्या दिवशी काका जे बोलले ते पुन्हा तसेच बोलतील याची खात्री कोण देणार?

90,000 मधून 32 बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण करणारा एखादा रेकॉर्डर घ्यावा. झूम एफ3 हे त्याचे उदाहरण. त्याच्यासोबत दांड्यावरून बोलणाऱ्याजवळ धरायचा एक चांगला बूम माईक, एक कॉलर माईक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. एक सावधगिरी मात्र सांगते. फ्लोट मुद्रणामुळे रेकॉर्डरची पातळी चुकली तरी आवाज सावरता येतो, पण माईकच जर त्या गोंगाटाने फाटत असेल तर रेकॉर्डर काहीही करू शकत नाही. त्यामुळे माईक किती मोठा आवाज सहन करतो हे खरेदीपूर्वी जरूर पाहावे.

आणखी एक गोष्ट. जॉबर बिघडलेला माग आधी कानाने ओळखतो, मग त्याला हात लावतो. आपल्या काकांचे कौशल्यच ऐकण्याचे असेल, तर त्यांच्यावरचा चित्रपट डोळ्यांच्या बाजूने सुरू करणे मला उलटे वाटते.

रीळवाला

कानसेन यांचे म्हणणे ऐकायला छान वाटते, पण धागाकर्त्याची अडचण त्यांनी बाजूलाच ठेवली आहे. यंत्रमागावरचा माहितीपट आणि त्यात कापडच धड दिसत नाही, हे कसे चालेल? 700डी हा 2013 सालचा फोटोचा कॅमेरा आहे. व्हिडिओ घेताना तो सेन्सरवरच्या सगळ्या ओळी वाचत नाही, काही ओळी गाळून 1080 ओळींचे चित्र तयार करतो. बारीक विणीच्या कापडावर सरकणाऱ्या त्या रंगीत लाटा, ज्यांना मोआरे म्हणतात, त्या या गाळलेल्या ओळींमुळे येतात. संकलनात त्या पुसता येत नाहीत. रेकॉर्डर कितीही उत्तम घेतला तरी त्या पडद्यावर नाचतच राहणार.

खिडकीचा प्रश्नही कॅमेऱ्याचाच आहे. ब्लॅकमॅजिकच्या निर्मात्यांनी या कॅमेऱ्यासाठी 13 स्टॉपची व्याप्ती (उजेडापासून अंधारापर्यंतचा तपशील एकाच चौकटीत टिपण्याची क्षमता; दर स्टॉपला उजेड दुप्पट) सांगितली आहे, आणि रॉ, म्हणजे कमीत कमी प्रक्रिया केलेल्या, स्वरूपात चित्रण केल्यावर उजेडातला तपशील व अंधारातला तपशील हे दोन्ही बऱ्याच अंशी परत काढता येतात. शिवाय माईकला वीज (फॅंटम पॉवर) पुरवणारी मिनी एक्सएलआर जोडणी, पूर्ण आकाराचे एचडीएमआय आणि हेडफोनचे छिद्र, हे सारे एका खोक्यात मिळते.

आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा बनवला, तेव्हा कुठे त्यांचे चित्रपट उभे राहिले. साधन दुय्यम असते, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याची कल्पना करावी.

तिपाई

बाबूराव पेंटर यांचे नाव निघालेच आहे, तर त्याच बाबूरावांनी 1923 च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला होता, हेही त्याच दमात सांगायला हवे होते. कॅमेरा घरचा होता, तरी उजेडाची सोय त्यांना वेगळी करावी लागलीच.

आता हिशेबाकडे येतो, कारण या चर्चेत तो अजून कोणी मांडलेला नाही. धागाकर्त्याला वर्षभर चित्रण करायचे आहे, तेव्हा 40 तासांचे फुटेज सहज होईल. ब्लॅकमॅजिकवर 4के रॉ 8:1 या दाबाने (माहिती साधारण आठपट लहान करून) सेकंदाला 25 फ्रेम्सना घेतले तर तासाला साधारण 150 जीबी लागतात, म्हणजे 40 तासांचे 6 टीबी. एक प्रत ठेवून माहितीपट करणारा माणूस शहाणा नव्हे, तेव्हा दोन प्रतींचे 12 टीबी. झेडव्ही-ई10 हा 4के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिटने करतो. त्याचे तासाला 45 जीबी होतात, 40 तासांचे 1.8 टीबी आणि दोन प्रतींचे 3.6 टीबी. 75,000 कॅमेऱ्याला दिल्यावर उरलेल्या 15,000 मध्ये 12 टीबी साठवण, वेगवान एसएसडी, बॅटऱ्या आणि लेन्ससाठी अडॅप्टर हे सगळे कसे बसवणार, ते रीळवाला यांनी सांगावे.

बॅटऱ्यांचाही मुद्दा आहेच. पॉकेट 4केला एलपी-ई6 लागते, 700डीची एलपी-ई8 तिथे बसत नाही, आणि एका बॅटरीवर पाऊण तास चालला तरी नशीब समजावे. त्यात स्थिरीकरण नाही आणि हलत्या माणसाचा पाठलाग करणारा ऑटोफोकसही नाही. एकट्याने, अरुंद गल्लीसारख्या दोन मागांच्या मधल्या जागेत उभे राहून हे सांभाळायचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या मोआरेसाठी हा कॅमेरा सुचवला जात आहे, तो मोआरे पॉकेट 4केलाही येतो. त्याच्या सेन्सरपुढे अतिबारीक तपशील किंचित मऊ करून मोआरे रोखणारा ऑप्टिकल लो-पास फिल्टर नाही, आणि बारीक विणीचे कापड ही त्याची ओळखीची दुखरी जागा आहे. झेडव्ही-ई10 मात्र 25 फ्रेम्सना सेन्सरची पूर्ण रुंदी, म्हणजे सुमारे 6के, वाचून मग ती 4केवर आणतो, त्यामुळे कापडावरच्या लाटा जवळजवळ नाहीशा होतात. लोक त्याला यूट्यूबवाल्यांचा कॅमेरा म्हणून हसतात, पण या विशिष्ट कामात तो दोन्ही प्रतिष्ठित पर्यायांपेक्षा सरस ठरू शकतो.

रीळवाला

लो-पास फिल्टरचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. साठवणीचे गणितही बरोबर आहे, जरी 12:1 चा, म्हणजे आणखी लहान फाइलींचा, पर्याय आपण सोयीस्करपणे वगळलात.

पण झेडव्ही-ई10 बद्दल इतका उत्साह दाखवताना दोन गोष्टी आपण गाळल्या आहेत. त्याचे मुद्रण 8 बिटचे आहे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 256 छटा, जिथे 10 बिटमध्ये 1024 मिळतात. खिडकीचा उजेड आणि शेडचा अंधार एका चौकटीत सांभाळण्यासाठी लॉग हे फिके, कमी कॉन्ट्रास्टचे स्वरूप वापरले आणि नंतर ते ताणले, तर पांढऱ्या भिंतीवर छटांच्या पायऱ्या दिसू लागतील. दुसरे म्हणजे 4केमध्ये तो फ्रेम वाचायला फार वेळ घेतो. वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरक्या दिसतात, आणि मागावर सगळेच वेगाने हलते.

म्हणून मी आता जीएच5 कडे वळतो. 10 बिट 4:2:2 (रंगांचा जास्त तपशील राखणारे) अंतर्गत मुद्रण, कॅमेऱ्यातच स्थिरीकरण, दोन कार्डे, हेडफोन आणि सलग चित्रणाला वेळेची मर्यादा नाही. तोही पूर्ण रुंदीतून वाचून 4के करतो.

तिपाई

जीएच5 चांगला आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्याचा सेन्सर लहान आहे आणि संध्याकाळच्या पाळीत ट्यूबलाइटच्या उजेडात तो लवकर दाणेदार होतो. 10 बिट 4:2:2 च्या एच.264 फाइली साध्या लॅपटॉपवर अडखळतात, म्हणजे आधी प्रॉक्सी, म्हणजे संकलनासाठी हलक्या प्रती, बनवण्यात रात्र जाणार. वापरलेल्या यंत्राच्या एचडीएमआय जोडणीची आणि बटणांची अवस्थाही पाहूनच घ्यावी लागते. मी स्वतः एकदा बिलाशिवाय घेतलेला कॅमेरा तीन महिन्यांत दुरुस्तीला टाकला आहे.

ट्यूबलाइट

या चर्चेत मी उशिरा पेटलो, पण विचारतो. कॅमेरा भाड्याने का घेऊ नये? पुण्या-मुंबईत सोनी एफएक्स3 सारखा कॅमेराही भाड्याने मिळतो, आणि त्या कॅमेऱ्यावर 2023 मध्ये हॉलिवूडचा 'द क्रिएटर' चित्रित झाला आहे.

कानसेन

भाड्याचा सल्ला कथापटासाठी योग्य आहे, कारण तिथे तारखा आधी ठरतात. माहितीपटात मागाचा गिअर कधी तुटेल हे कोणी सांगू शकत नाही. दिवसाला 2,000 रुपये धरले तरी 40 दिवसांचे 80,000 होतात आणि शेवटी हातात काहीच उरत नाही. 'द क्रिएटर'च्या बाबतीत कॅमेरा स्वस्त होता, त्याच्या भोवतीचे बाकी काहीच स्वस्त नव्हते.

धोटा

सर्वांचे आभार. वाद वाचून झाल्यावर मी गावातल्या एका लग्नाचे चित्रण करणाऱ्या मित्राचा झेडव्ही-ई10 एका दुपारीपुरता मागून आणला आणि 700डीसोबत एकाच मागापुढे ठेवून दोन्हींवर चित्रण केले. निरीक्षणे अशी आहेत.

कापडावरच्या लाटा सोनीवर जवळपास दिसल्या नाहीत. फक्त एका बारीक चौकडीच्या कापडावर, ठरावीक अंतरावरून, किंचित झुळझुळ जाणवली. धोट्याच्या (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) तिरकेपणाची मला फार धास्ती होती, परंतु 1/50 सेकंदाच्या शटरवर धोटा असाही एक पुसट रेघ म्हणूनच दिसतो, त्यामुळे तो तिरका आहे की सरळ हे कळतच नाही. कॅमेरा हातात घेऊन वळवला तेव्हा मात्र मागांचे खांब झुकले, रीळवाला यांचा इशारा तिथे खरा ठरला. ट्रायपॉडवर ठेवून, सावकाश फिरवून पाहिले तर काही वाटले नाही. 25 फ्रेम्स आणि 1/50 या जोडीमुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा लुकलुकाटही आला नाही. पहिल्या चाचणीत मी 700डी 30 फ्रेम्सवर ठेवला होता, हे आता लक्षात आले.

खिडकीचे म्हणाल तर दोन्ही कॅमेऱ्यांनी हात टेकले. शेवटी काकांनीच मळक्या मांजरपाटाचा एक तुकडा खिडकीवर ताणून बांधला आणि समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला. उजेड एकदम मऊ झाला. 13 स्टॉपचा कॅमेरा घेतला असता तर हे आम्हाला सुचले नसते, असे मला वाटते.

अजून एक अडचण समोर आली, जिच्याबद्दल इथे कोणी बोलले नव्हते. शेडमध्ये सुताची बारीक भुकटी सतत उडत असते. तिथे लेन्स बदलण्यासाठी कॅमेरा उघडणे म्हणजे सेन्सरवर कापूस पेरणे आहे. त्यामुळे एकच झूम लेन्स लावून दिवसभर काम करणे भाग आहे, आणि 50 मिमी फक्त घरातल्या मुलाखतींसाठी राहील.

म्हणून मी झेडव्ही-ई10 त्याच्या किट लेन्ससह घेतो आहे. उरलेल्या रकमेतून कानसेन यांनी सांगितलेल्यापैकी रेकॉर्डर, एक कॉलर माईक आणि हेडफोन येतील. बूम माईक आणि दोन हार्ड डिस्क यांपैकी एकच गोष्ट बसते आहे.

कानसेन

हार्ड डिस्क घ्या, हे मीच म्हणते. बूम माईक चित्रणाच्या दिवसापुरता एखाद्याकडून मागून आणता येतो, गेलेले फुटेज मागून आणता येत नाही. पण मुलाखती कारखान्यात घेऊ नका. त्या घरी, पंखा बंद करून घ्या, आणि मागांचा आवाज वेगळा, निदान दहा मिनिटे सलग, एक-एक माग चालू करत करत मुद्रित करून ठेवा.

रीळवाला

माझा 8 बिटबद्दलचा आक्षेप कायम आहे. निदान लॉग वापरू नका, साध्या प्रोफाइलमध्ये, हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जपून चित्रण करा. ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला, बसाल तेव्हा पांढऱ्या भिंतींकडे पाहून माझी आठवण काढाल.

धोटा

लॉग वापरणार नाही. कॅमेरा यायला अजून आठ दिवस आहेत, आणि उद्या सकाळी काका सात नंबरच्या मागाचा मोडलेला गिअर बदलणार आहेत. ते 700डीवरच 25 फ्रेम्सना घेतो, फक्त त्यांचे हात आणि गिअर. कापड चौकटीत येऊ देणार नाही.