रंग मातीचा नव्हे, सालींचा

मातीच्या रांजणात आंबवलेली पांढरी वाइन नारिंगी आणि तुरट होणारच, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. रंग आणि तुरटपणा येतो तो रस सालींबरोबर किती काळ राहिला त्यावरून. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्रीत, म्हणजे मातीच्या मोठ्या रांजणात, साली कित्येक महिने ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यावरूनच हा समज पसरला असावा. उलट ग्रीसमध्ये, पेलोपोनीस या द्वीपकल्पाच्या उत्तरेकडील डोंगरउतारांवर, टेट्रामिथोस ही वाइनरी रोदितिस द्राक्षांच्या रसात पाइनची राळ घालून तो नैसर्गिक यीस्टवर मातीच्या भांड्यात आंबवते, आणि तिची ही रेत्सिना, म्हणजे राळ घातलेली ग्रीक वाइन, फिकट पिवळीच असते.

राळेचे वाइनशी नाते तर फार जुने आहे, कारण प्राचीन काळी सच्छिद्र भांड्यांना आतून राळेचा लेप देत असत. मातीतून थोडी हवा आत झिरपते, त्यामुळे वाइन मऊ होते, पण ओकच्या पिंपासारखा व्हॅनिलाचा वास तिला चिकटत नाही. रोदितिससारख्या नाजूक द्राक्षाला म्हणूनच हे भांडे मला सर्वाधिक योग्य वाटते. मात्र ही वाइन अतिथंड पिऊ नये, राळेचा सुगंध दबून जातो.